सेकंड हँड स्पोर्ट्स कारचा खरा भाव कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला नाशिकच्या गंगापूर रोडला, बजेट ६० ते ६५ लाख. घ्यायची आहे फोर्ड मस्टँग जीटी, बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन किंवा पोर्शे ७१८ केमन यांपैकी एक. चार महिन्यांपासून रोज रात्री जाहिराती बघताय. एकाच वर्षाची, जवळपास तेवढ्याच रनिंगची मस्टँग एकीकडे ४८ लाखांना दिसते आणि दुसरीकडे ६२ लाखांना. यातला खरा भाव कोणता, आणि वर्षभर थांबलं तर तो उतरेल का?

अशा गाड्या घेणाऱ्यांसाठी गाडी तपासणं आणि तिची किंमत ठरवून देणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

४८ आणि ६२ यांपैकी एकही भाव नाही. त्या दोन्ही मागण्या आहेत. भाव म्हणजे पैसे ज्या आकड्याला हातात पडले तो, आणि तो आकडा जाहिरातीत कधीच येत नाही. लासलगावला कांद्याचा लिलाव सगळ्यांदेखत होतो. आवक किती झाली, किमान भाव काय, कमाल काय, सर्वसाधारण काय, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिल्ह्याला कळतं. स्पोर्ट्स कारचं असं मार्केट यार्ड आपल्याकडे नाही. व्यवहार दोघांत होतो आणि रक्कम त्या दोघांनाच ठाऊक असते. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरले की गाडी नावावर होते, पण कितीला गेली याची कुठेही जाहीर नोंद होत नाही. त्यामुळे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव तुमचे तुम्हालाच काढावे लागतात. ते जमतं. त्याला दोन-तीन महिन्यांची शिस्त लागते, बाकी काही नाही.

एक्सेलमध्ये एक पान उघडा. त्यात मॉडेल लिहू नका, गाडी लिहा. ‘मस्टँग २०१८’ अशी ओळ काही कामाची नाही. ‘लाल, काळे अलॉय, मुंबई पासिंग, २२ हजार किलोमीटर, फर्स्ट ओनर, बोनेटवर पट्टे नाहीत’ अशी ओळ हवी. नंबर प्लेट बहुतेक फोटोंत झाकलेली असते, तरी गाडी ओळखू येते. सीटचा रंग बघा, मागच्या काचेवरचं स्टिकर बघा, डाव्या पुढच्या अलॉयवरचा ओरखडा बघा, फोटोमागचं पार्किंग आणि त्याची फरशी बघा. प्रत्येक गाडीपुढे इतकं लिहायचं: पहिल्यांदा कधी दिसली, मागणी किती, मागणी बदलली तर कधी आणि कितीने, रनिंग, कितवा मालक, कुठलं पासिंग, उत्पादनाचा महिना, विमा कधीपर्यंत, आणि विकतंय कोण. ‘विकतंय कोण’ हा रकाना लोक गाळतात. तो गाळू नका. स्वतः मालक, माल विकत घेऊन ठेवलेला डीलर आणि पार्क अँड सेलवाला (दुसऱ्याची गाडी आपल्या आवारात ठेवून विकून देणारा) हे तीन वेगळे विक्रेते आहेत आणि तिघांच्या आकड्यांचा अर्थ वेगळा लागतो. पार्क अँड सेलवाल्याचे स्वतःचे पैसे अडकलेले नसतात. मालक सांगेल त्यावर आपलं कमिशन चढवून तो निवांत बसतो. माल विकत घेतलेल्या डीलरचं व्याज रोज चालू असतं, म्हणून दोन महिन्यांनी खाली येतो तोच.

उत्पादनाचा महिना वेगळा लिहायला सांगतोय त्याला कारण आहे. परदेशातून तयार येणाऱ्या गाड्या कधी कधी बंदरात आणि शोरूममध्ये बरेच महिने उभ्या राहतात. आरसीवर उत्पादन आणि नोंदणी या दोन्ही तारखा असतात. जाहिरातवाला त्यातली नवी तारीख लिहितो, पुढे तुम्ही विकायला जाल तेव्हा समोरचा जुनी धरतो.

आता हे पान वाचायचं कसं ते बघू. पुढचे आकडे केवळ पद्धत कळावी म्हणून घेतलेत. समजा तुम्हाला मस्टँगच्या सहा जाहिराती दिसतात: ४८, ५२, ५४, ५७, ५९ आणि ६२ लाख. फोटो शेजारी शेजारी लावून बघितलं तर ५४, ५९ आणि ६२ वाली राखाडी गाडी एकच निघते. ती मुंबईत मालकाच्या इमारतीखाली उभी आहे. त्याने स्वतः ५४ ची जाहिरात दिलीय, आणि पुण्याच्या आणि हैदराबादच्या डीलरांनी तेच फोटो उचलून आपापलं मार्जिन चढवलंय. हा प्रकार महागड्या गाड्यांत सर्रास चालतो. म्हणजे सहा जाहिराती, पण गाड्या चारच. तुमच्या ४८ आणि ६२ वाल्या गाड्यांचं रनिंग इतकं जुळत असेल, तर आधी ती एकच गाडी नाही ना हे बघा.

राहिलेल्या चारांपैकी ५७ वाली पाच महिने त्याच आकड्यावर आहे. मालकाला घाई नाही, कदाचित विकायचीही नाही. तो आकडा तुमच्या हिशोबातून काढून टाका. ५२ वाली महाराष्ट्र पासिंगची, फर्स्ट ओनर. सात आठवड्यांनी ती ५० वर आली, मग साडेअठ्ठेचाळीसवर, आणि त्यानंतर आठवड्याभरात जाहिरात गेली. हीच ओळ खरी बोलते. चांगली, सरळ कागदांची मस्टँग साडेअठ्ठेचाळीसच्या किंचित खाली, ४७ ते ४८ च्या दरम्यान कुठेतरी गेली असणार. आता ४८ च्या जाहिरातीकडे परत बघा. ती थर्ड ओनर आहे, परराज्यातलं पासिंग, विमा संपलेला. यादीतला सगळ्यांत कमी आकडा तिचा असला, तरी त्या चारांत सगळ्यांत महाग पडणारी गाडी तीच. नुसती किमतीची यादी बघून हे कधीच कळलं नसतं.

जाहिरात गेली म्हणजे गाडी विकली गेली असं लगेच लिहू नका. टोकन दिलेले सौदे मोडतात, कर्ज मंजूर होत नाही, तपासणीत काही निघतं. तीनेक आठवडे थांबा. गाडीचा नंबर कळला असेल तर परिवहनच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर मालकाचा क्रमांक एकाचा दोन झालाय का ते बघा. झाला असेल तर व्यवहार पक्का. त्यासाठी मालकाचं नाव-गाव शोधत बसायची गरज नाही.

डीलरला फोन करून ‘ती गेली का?’ असं जरूर विचारा. तो जो आकडा सांगेल त्यात थोडी हवा असते, कारण पुढची गाडी त्याला तुम्हालाच विकायची असते. तरी वरची मर्यादा त्यातून कळते. खालची मर्यादा कळायला उलटा मार्ग आहे. ओळखीत कुणाकडे तसली गाडी असेल आणि तो विकायच्या विचारात असेल, तर त्याला दोन-तीन डीलरांकडून खरेदीचा भाव घ्यायला सांगा. डीलर जेवढ्याला उचलायला तयार आहे तो तुमचा तळ. तळ आणि माथा यांच्यातल्या अंतरात डीलरचा नफा, गाडी तयार करण्याचा खर्च, अडकलेल्या पैशांचं व्याज आणि मार्जिनवरचा १८ टक्के जीएसटी बसतो. मालकाकडून थेट घेतली तर हा जीएसटी लागत नाही, आणि वाटाघाटीत ही गोष्ट दोन्ही बाजूंना उपयोगी पडते.

विम्याची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर धरलेली गाडीची किंमत, धरून भाव काढणारे बरेच भेटतात. तो तक्ता सगळ्या गाड्यांना सरसकट एकच आहे: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०, आणि त्यापुढे विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने. बाजार या तक्त्याने चालत नाही. २०२० मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या आणल्या, ३५.९९ लाख एक्स-शोरूमला. त्याआधी २०१६ मध्ये पोलो जीटीआय २५.९९ लाखांना आली होती. अशा मोजक्या आलेल्या गाड्यांची मागणी शौकिनांत टिकून राहते, आणि त्यांची किंमत तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. उलट भरपूर विकल्या गेलेल्या मोठ्या लक्झरी सेडान तक्त्यापेक्षाही वेगाने पडतात.

परदेशी आकड्यांचा मोह आवरा. अमेरिकेत ब्रिंग अ ट्रेलर, इंग्लंडमध्ये कलेक्टिंग कार्स अशा ऑनलाइन लिलावांत अंतिम बोली सगळ्यांना दिसते, आणि हॅगर्टीसारखी कंपनी गाडीच्या अवस्थेच्या प्रतवारीनुसार दर देते. तिकडच्या लोकांना आपल्यापेक्षा खूप चांगली माहिती मिळते. पण डॉलरला रुपयाने गुणून इकडचा भाव निघत नाही. अमेरिकेतल्या गाड्या लेफ्ट हँड, इकडे आयात शुल्क शंभर टक्क्यांच्या वर, आणि इथे गाड्याच मोजक्या. त्या लिलावांचा उपयोग एका गोष्टीसाठी करा: कुठल्या गोष्टीला शौकीन जास्त पैसे मोजतात ते समजून घ्या. मॅन्युअल गिअरबॉक्सला, कमी मालकांना, मूळ रंगाला, पूर्ण सर्व्हिस फाइलला तिथे काय फरक पडतो ते सलग बघत राहिलं की नजर तयार होते. आणि तिथे बोली राखीव किमतीपर्यंत न पोहोचलेल्या गाड्याही दिसतात. ती शेवटची बोली विक्री नव्हे, हे वाचताना ध्यानात ठेवा.

इथवर बाजाराचा भाव निघाला. आता त्यातून समोरच्या गाडीचा भाव काढायचा. बहुतेक लोक इथे घाई करतात आणि माझ्या मते पैसे वाचतात ते इथेच.

टायरपासून सुरू करा. टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स कार कमी चालते, त्यामुळे खाच शिल्लक दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. अशी गाडी समृद्धीवर १२० च्या वेगमर्यादेत तासन्‌तास धावली, तर त्या रबराची परीक्षा होते. पाच-सहा वर्षांचे टायर असतील तर चारही टायरची पूर्ण किंमत वजा करा, खाच कितीही दिसो. मस्टँग आणि एम२ दोन्हींत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, म्हणजे ते पुढे-मागे अदलाबदल करून वापरता येत नाहीत. पोर्शेला कंपनीने मान्य केलेल्या टायरवर एन अक्षर आणि त्यापुढे आकडा असतो. चारही टायरवर ते एकसारखं आहे का बघा. मागे एक ब्रँड आणि पुढे दुसरा असेल तर मालकाने बाकी कुठे कुठे काटकसर केली असेल हा प्रश्न मनात यायला हवा.

मग स्कॅनर. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडणी करायच्या जागी) स्कॅनर लावल्यावर फॉल्ट कोड एकही नाही म्हणून लोक खूश होतात. मी आधी रेडिनेस मॉनिटर बघतो. गाडी काही दिवस नेहमीसारखी चालली की ती आपल्या उत्सर्जन यंत्रणेच्या चाचण्या पूर्ण करते आणि मॉनिटर ‘रेडी’ दाखवतात. कुणी आदल्या रात्री कोड पुसले असतील तर ते ‘नॉट रेडी’ असतात. एकदा मुंबई नाक्याजवळ एका पार्किंगमध्ये अशीच एक जर्मन गाडी बघत होतो. कोड शून्य, पण मॉनिटर निम्मे अपूर्ण. मालकाला म्हटलं, गाडी आठवडाभर रोज चालवा, मग पुन्हा बघू. आठवड्याने टर्बोच्या बूस्टचा कोड परत आला होता. सौदा झाला, पण त्या दुरुस्तीचं कोटेशन मधे ठेवून झाला. भाव असा कागदावर दाखवून कमी करून घेतला की समोरच्यालाही राग येत नाही.

पोर्शेमध्ये अजून एक गोष्ट मिळते. इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं, त्याची नोंद कंट्रोल युनिटमध्ये टप्प्याटप्प्याने साठलेली असते. अधिकृत वर्कशॉपमधून तो रिपोर्ट काढून मागा. मॅन्युअल गाडीत चुकीचा गिअर पडला असेल तर वरच्या टप्प्यांत आकडे दिसतात. एम२ कॉम्पिटिशनमध्ये रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, झालाय का हा पहिला प्रश्न. ३.० लिटर ट्विन टर्बोचं ते इंजिन कंपनीतूनच ४१० हॉर्सपॉवर देतं, तरी स्टेज वन, स्टेज टू करून घेणारे बरेच. विकण्याआधी मूळ मॅप परत टाकला जातो, पण बदललेला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप), इंटेक (हवा आत घेणारा भाग) किंवा त्यांचे क्लॅम्प खालून दिसतात. रिमॅप म्हणजे गाडी टाकाऊ असं मी म्हणत नाही. पण ती शंभर टक्के स्टॉक, म्हणजे काहीच न बदललेल्या, गाडीच्या भावाला घ्यायची नाही, इतकं ठाम सांगतो.

कागदांत नो क्लेम बोनस बघा. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा दरवर्षी चढतो. मालक एकच, गाडी पाच वर्षांची, आणि पॉलिसीवर बोनस २० टक्के, म्हणजे मधे कधीतरी बहुधा क्लेम घेतलेला आहे. कसला, ते त्याला सरळ विचारा आणि बिल मागा. बंपर रंगवला असेल तर काही बिघडत नाही. एअरबॅग उघडली असेल तर गोष्ट वेगळी. किलोमीटर जुळवायला सर्व्हिस बिलांवरच्या नोंदी तारखेच्या क्रमाने लावा. एखाद्या वर्षी रनिंग एकदम थांबल्यासारखं दिसलं तर का ते विचारा.

पासिंगचा हिशोब तुमच्यासारख्या नाशिककराने मुद्दाम शिकून घ्यावा. एमएच पासिंगची गाडी, मग ती एमएच १५ असो किंवा मुंबई-पुण्याची, तिचा एकरकमी कर भरलेला असतो आणि राज्यातल्या राज्यात नावावर करताना तो पुन्हा लागत नाही. परराज्यातली गाडी इथे कायमची आणली की बारा महिन्यांच्या आत नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि गाडीच्या वयानुसार कमी केलेला महाराष्ट्राचा कर. आपल्याकडे आयात केलेल्या गाड्यांना आणि कंपनीच्या नावावरच्या गाड्यांना कराचा दर २० टक्के आहे. तिकडच्या राज्याकडून कराचा परतावा मागता येतो, पण तो मिळेपर्यंत मधे बराच काळ जातो. पुदुच्चेरीसारख्या कमी कर असलेल्या ठिकाणी नोंदलेल्या महागड्या गाड्या स्वस्त दिसतात त्या यामुळेच. त्या स्वस्त नसतात, त्यांचा कर तुमच्या वाट्याला ठेवलेला असतो. पेठ रोडला आरटीओत जाऊन त्या विशिष्ट गाडीचा कर किती बसेल ते आधी विचारा आणि तो आकडा एक्सेलमध्ये मागणीच्या शेजारी लिहा. मगच दोन गाड्यांची तुलना करा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, ई-चलन थकलेली नाहीत ना, हे नेहमीचं झालंच. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे पहिल्या वर्षीचा हप्ता तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त येईल, तोही हिशोबात धरा.

आता थांबायचं का, या प्रश्नाकडे येतो. या गाड्यांचे भाव किलोमीटर आणि वय यांच्यापेक्षाही सरकारी करांच्या बदलांनी जास्त हलतात, आणि तेही सगळ्या गाड्यांचे सारखे हलत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन सरळ ४० टक्के दर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, की दोन-तीन वर्षं जुन्यांनाही खाली यावं लागतं, कारण ग्राहकाच्या डोळ्यासमोर नवीचा आकडा असतो. पण जाहिराती लगेच उतरत नाहीत. मालकाने दिलेली जुनी किंमत त्याच्या मनातून निघायला वेळ लागतो. त्या काळात मागणी आणि खरा भाव यांतलं अंतर वाढतं आणि नीट नोंदी ठेवणाऱ्याला संधी मिळते.

मस्टँगवर या बदलाचा थेट परिणाम नाही, कारण तिची नवी गाडी इथे अधिकृतपणे मिळतच नाही. २०१६ मध्ये ती ६५ लाख एक्स-शोरूमला आली, पुढे ७४ लाखांच्या वर गेली आणि बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बंद झाली. नव्या किमतीचा धाक नाही, पाच लिटरचं टर्बो नसलेलं व्ही८ इंजिन या पैशांत दुसरीकडे मिळत नाही, म्हणून तिचा भाव मंद गतीने उतरतो. माझ्या मते चांगली गाडी सापडली तर मस्टँगसाठी थांबण्यात फारसं हशील नाही. तिच्या बाबतीत खरी काळजी पार्ट्सची आहे. पुढचा बंपर, हेडलाइट, काच यांची उपलब्धता आणि लागणारा वेळ सौद्याआधी विचारून घ्या.

केमन आणि एम२ ची गोष्ट वेगळी. दोन्ही तयार होऊन युरोपातून आलेल्या. चाळीस हजार डॉलरच्या वरच्या गाड्यांवर आयातीचा एकूण बोजा ११० टक्के आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणलं आणि त्यावर ४० टक्के कृषी अधिभार लावला, त्यामुळे ‘शुल्क घटलं’ अशा मथळ्यांनंतरही बोजा तेवढाच राहिला. पण जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांच्यात मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि त्यात गाड्यांवरचं शुल्क ठरावीक कोट्यात टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलंय. ब्रिटनशी करार २०२५ च्या जुलैमध्येच झाला. त्यातही कोट्याची अट आहे आणि तो मॅकलारेन, अ‍ॅस्टन मार्टिन, लोटस यांच्या कामाचा. हे टप्पे प्रत्यक्ष लागू होतील तसतसे आयात गाड्यांचे नवे दर उतरतील आणि जुन्यांवर दबाव येईल. एम२ ची पुढची पिढी इथे नवी मिळते; ती मेक्सिकोत बनते म्हणून युरोपच्या कराराची सवलत तिला थेट नाही, पण बाकी युरोपीय गाड्या स्वस्त झाल्या तर जुन्या एम२ वरही दबाव येईल, हा धोका मला दिसतो. केमनमध्ये दोन्ही बाजूंनी ओढ आहे: शुल्क उतरलं तर खाली, पण पेट्रोल ७१८ चं उत्पादन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबल्यामुळे चांगल्या गाड्यांना मागणी टिकेल. ज्याला गाडी पाच-सात वर्षं ठेवायचीय त्याने केमनसाठी थांबू नये. ज्याला दोन वर्षांत विकायचीय त्याने आत्ता एम२ मध्ये पैसे घालू नयेत, असं माझं मत.

नोंदी ठेवायची सवय लागायला सुरुवात बीएमडब्ल्यू एम३४०आयपासून करा, घ्यायची नसली तरी. ती चेन्नईत जुळवली जाते, २०२१ च्या मार्चमध्ये ६२.९० लाख एक्स-शोरूमला आली आणि तिच्या जाहिराती बऱ्याच असतात. गाड्या जास्त असल्या की भाव लवकर स्पष्ट होतो: कुठल्या रनिंगला किती, दुसऱ्या मालकाला किती कमी, वॉरंटी शिल्लक असेल तर किती जास्त. तिथे हात बसला की मस्टँगच्या चार ओळींतूनही अर्थ काढता येतो. कदाचित ती चालवून बघितल्यावर तुमचा विचारही बदलेल. जुळवणी इथे होते म्हणून आयात शुल्काची ती टांगती तलवार तिच्यावर तितकीशी नाही, आणि कॉलेज रोडवरच्या गतिरोधकांवर ती बाकी तिघींपेक्षा कमी घासते.

नाशिकमधली गाडी मिळाली तर आधी ती बघा. इथे अशा गाडीला गिऱ्हाईक कमी, मालकाला मुंबईचा माणूस इकडे बोलवावा लागतो, त्यामुळे बोलणी करायला वाव जास्त असतो. समुद्रकाठच्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बुडाला आणि ब्रेक डिस्कला जसा गंज दिसतो तसा इथल्या गाड्यांना मला सहसा दिसत नाही. मात्र सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेले रस्ते आणि आपले उंच गतिरोधक यांनी पुढच्या बंपरची खालची कड आणि बुडाची आवरणं खरवडलेली असतात, म्हणून लिफ्टवर चढवल्याशिवाय भाव बोलू नका. सर्व्हिससाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागणार हे धरून चला. बंद पडली तर फ्लॅटबेडशिवाय (गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकशिवाय) पर्याय नाही, त्याचीही तरतूद हवी. ६५ लाख बजेट असेल तर गाडीवर साधारण ५५ ते ५७ लाख खर्च करा आणि बाकीचे ट्रान्स्फर, विमा, टायर आणि पहिल्या मोठ्या सर्व्हिससाठी बाजूला ठेवा.

बोलणी कधी करायची तेही सांगतो. पावसाळ्यात आणि पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि ज्या डीलरची गाडी दोन महिन्यांहून जास्त उभी आहे तो त्या दिवसांत फोन लगेच उचलतो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तोच माणूस हटून बसतो. तुमच्या पानावर ज्या गाडीची मागणी जूनपासून दोनदा उतरलीय, तिच्या मालकाला पितृपक्षात तपासणीचा रिपोर्ट आणि वजावटीचा कागद घेऊन भेटा. आकडा एकच सांगा, तो कसा काढला ते दाखवा आणि त्याला विचार करायला आठवडा द्या.